अतिसंवाहकांची ‘सामान्य’ अवस्था

एका भाषेतील शास्त्रीय परिभाषा दुसऱ्या भाषेत आणताना मूळ संज्ञेबरोबर तिच्या पोटात दडलेली गृहीतकेही नकळत आणली जातात. अतिसंवाहकतेच्या अभ्यासातील ‘नॉर्मल स्टेट’ ही अशीच एक संज्ञा होय. पारा, शिसे, कथील यांसारखा पदार्थ पुरेसा थंड केला असता एका विशिष्ट तपमानाला त्याचा विद्युत् रोध एकाएकी नाहीसा होतो. हे त्या पदार्थाचे क्रांतिक तपमान. त्याच्या खाली अतिसंवाहक अवस्था आणि त्याच्या वर ‘नॉर्मल’ अवस्था, अशी विभागणी सर्वत्र रूढ आहे. मराठीत तिला सहजपणे ‘सामान्य अवस्था’ म्हटले जाते.

‘सामान्य’ म्हणजे अनेकांत समान असलेले. वैशेषिकांनी तर ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ असे दोन स्वतंत्र पदार्थच मानले होते. हा अर्थ मनाशी धरला तर ‘सामान्य अवस्था’ या दोन शब्दांत एक विधान अध्याहृत असल्याचे ध्यानी येते. क्रांतिक तपमानाच्या वर हा पदार्थ इतर धातूंसारखाच एक धातू असतो व त्याविषयी निराळे सांगण्याजोगे काही नसते, हे ते विधान. पारा किंवा शिसे यांच्या बाबतीत ते खरे आहे. १९८६ नंतर हाती आलेल्या ताम्र-ऑक्साइडांच्या बाबतीत ते खरे नाही. या पदार्थांची अतिसंवाहकता जितकी आश्चर्यकारक, तितकीच, किंबहुना अधिकच, त्यांची ‘सामान्य’ अवस्था दुर्बोध आहे. हा दुर्बोधपणा कशात आहे आणि तो उकलण्यात मुंबईत झालेल्या संशोधनाचा वाटा कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. सर्वसाधारण धातूची सामान्य अवस्था

रोह्याजवळील वरसे या गावी घरोघर पोचणारी वीज दूरवरून तारांतून येते, आणि तिचा काही अंश वाटेतच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडतो. याचे कारण तारेचा विद्युत् रोध. धातूच्या स्फटिकात अणूंची नियमबद्ध रचना असते, तिला जालक म्हणतात. या जालकातून इलेक्ट्रॉन वाहत असतात. जालक पूर्णपणे स्थिर व निर्दोष असते, तर इलेक्ट्रॉनांना अडथळा झाला नसता. परंतु उष्णतेमुळे अणू सतत कंप पावतात, शिवाय स्फटिकात अशुद्ध द्रव्येही असतात. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचे मार्ग विचलित होतात आणि रोध उत्पन्न होतो.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. इलेक्ट्रॉन परस्परांना ढकलणारे, ऋण विद्युत् भाराचे कण आहेत. धातूत ते दाटीवाटीने असतात. मग त्यांच्या आपापसांतील प्रतिसारणाकडे दुर्लक्ष करून प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे वाहतो असे मानणे कसे चालते? या शंकेचे समाधान १९५६-५७ मध्ये लेव्ह लँडाऊ यांच्या सिद्धांताने झाले. सर्व इलेक्ट्रॉन उपलब्ध ऊर्जापातळ्या खालपासून वरपर्यंत क्रमाने भरीत जातात. भरलेल्या व रिकाम्या पातळ्यांमधील सीमेस फेर्मी पृष्ठ म्हणतात. लँडाऊ यांच्या मते परस्परक्रिया असूनही या सीमेलगतचे इलेक्ट्रॉन जवळजवळ स्वतंत्र कणांसारखेच वागतात. फक्त त्यांचे वस्तुमान बदलल्यासारखे भासते. कारण असे की, खालच्या सर्व पातळ्या भरलेल्या असल्याने दोन इलेक्ट्रॉनांची टक्कर झाल्यास त्यांना जाण्यास जागाच अल्प उरते. तपमान जितके कमी तितक्या अशा टकरी विरळ, आणि त्यांमुळे येणारा रोध तपमानाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो.

हीच ती भूमी, जिच्यावर अतिसंवाहकतेचा पहिला यशस्वी सिद्धांत उभा राहिला. १९११ मध्ये लायडेन येथे कामर्लिंग ओनेस यांना पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनला नाहीसा होताना आढळला होता. त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळण्यास १९५७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी दाखविले की, जालकाच्या स्पंदनांच्या मध्यस्थीने इलेक्ट्रॉनांत क्षीण आकर्षण उत्पन्न होते, ते जोडीजोडीने बांधले जातात आणि सर्व जोड्या एकाच तालात वाहू लागतात. जोडी फोडावयाची तर ठरावीक ऊर्जा द्यावी लागते. ऊर्जापातळ्यांत पडलेल्या या खंडास ऊर्जा-अंतर म्हणतात. या सिद्धांतात दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, जोडी बांधली जाणे आणि ताल जमणे या दोन्ही घटना एकाच क्रांतिक तपमानाला घडतात. दुसरी, जोडी कोणाची होते हे आधीच ज्ञात असते: लँडाऊ यांनी वर्णिलेल्या सुस्वभावी, जवळजवळ स्वतंत्र इलेक्ट्रॉनांची. सामान्य अवस्था ज्ञात, म्हणून अतिसंवाहक अवस्था ज्ञेय, असा हा क्रम आहे.

२. ताम्र-ऑक्साइडे: पंगतीचा दृष्टान्त

१९७३ पर्यंत क्रांतिक तपमानाची मजल सुमारे २३ केल्विनपर्यंत गेली होती आणि तेथेच ती अडली होती. १९८६ मध्ये झुरिकजवळील प्रयोगशाळेत बेडनोर्ट्स व म्यूलर यांना लँथॅनम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडात सुमारे ३० केल्विनच्या परिसरात अतिसंवाहकतेची चिन्हे दिसली. १९८७ मध्ये यिट्रियम-बेरियम-ताम्र-ऑक्साइडाने ९० केल्विनची सीमा ओलांडली. त्यामुळे दुर्मिळ अशा द्रव हीलियमऐवजी ७७ केल्विनला उकळणाऱ्या, स्वस्त द्रव नायट्रोजनने काम भागू लागले. १९९३ मध्ये पाऱ्याचा अंतर्भाव असलेल्या संयुगात हा आकडा सुमारे १३५ केल्विनवर पोचला. या पदार्थांना क्यूप्रेट असे नाव आहे. तांबे व ऑक्सिजन यांचे सपाट थर हे त्या सर्वांचे समान लक्षण असून वीज मुख्यतः या थरांतूनच वाहते.

या कुलाचा मूळ पुरुष म्हणता येईल असे लँथॅनम-ताम्र-ऑक्साइड मात्र धातू नव्हे, ते निरोधक आहे. साध्या हिशेबाने पाहता ते धातू असावयास हवे, कारण थरातील प्रत्येक ताम्र-अणूमागे एक अयुग्म इलेक्ट्रॉन असून ऊर्जापातळ्या अर्ध्याच भरलेल्या असतात. ते निरोधक का, हे समजण्यास लग्नातील पंगतीचा दृष्टान्त उपयोगी पडेल. पंगतीत प्रत्येक पाटावर एकच माणूस बसलेला आहे आणि एका पाटावर दोघांनी बसणे अत्यंत गैरसोयीचे आहे, असे समजू. अशा भरल्या पंगतीत कोणालाही जागा बदलता येत नाही. माणसे चालण्यास असमर्थ नाहीत, परंतु शेजारचा पाट मोकळा नाही. इलेक्ट्रॉनांतील तीव्र प्रतिसारणामुळे असा निरोधक बनतो, हा विचार नेव्हिल मॉट यांनी मांडला म्हणून त्यास मॉट निरोधक म्हणतात. या अवस्थेत शेजारशेजारच्या इलेक्ट्रॉनांची परिवलने आळीपाळीने उलटसुलट दिशांना मांडली जातात, आणि लँथॅनम-ताम्र-ऑक्साइडात ही प्रतिलोहचुंबकीय रचना खोलीच्या तपमानापर्यंत टिकते.

आता लँथॅनमच्या काही अणूंच्या जागी स्ट्राँशियमचे अणू घातले, तर ताम्र-थरांतून काही इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. पंगतीत काही पाट मोकळे होतात. मोकळ्या पाटावर शेजारचा सरकतो, त्याच्या जागी तिसरा येतो, आणि पाहणाऱ्यास जणू मोकळी जागाच फिरते आहे असे वाटते. या रिक्त स्थानांस पोकळ्या म्हणू. शंभर ताम्र-अणूंमागे पाच-सहा पोकळ्या झाल्या की कमी तपमानाला अतिसंवाहकता प्रकट होते, सुमारे सोळा पोकळ्यांना ती परमावधी गाठते, आणि सत्तावीसच्या आसपास ती पुन्हा लोपते. पुढील विवेचनात कमी, योग्य आणि अधिक पोकळ्यांचे नमुने असा जो भेद केला आहे, तो या मापाने समजावा.

३. विचित्र धातू

योग्य प्रमाणात पोकळ्या असलेला नमुना घेऊन तो क्रांतिक तपमानाच्या वर मोजला असता काय आढळते? पहिली गोष्ट अशी की, तो सुमार दर्जाचा वाहक आहे. खोलीच्या तपमानाला त्याच्या थरांतील रोधकता साध्या तांब्याच्या शंभरपटीहून अधिक भरते, आणि थरांना लंब दिशेने ती त्याहूनही पुष्कळ मोठी असते. उत्तम वाहक असलेले तांबे, चांदी व सोने अतिसंवाहक होत नाहीत, आणि हा दरिद्री वाहक मात्र होतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या नमुन्याचा रोध तपमानाच्या सरळ प्रमाणात वाढतो. आलेख काढल्यास जवळजवळ निर्दोष सरळ रेषा मिळते. जालकाच्या स्पंदनांमुळे अशी रेषा साध्या धातूतही मिळू शकते, परंतु ती केवळ वरच्या तपमानांना. तपमान उतरले की स्पंदने शमतात व रोध रेषा सोडून झपाट्याने खाली येतो. १९९० मध्ये बिस्मथ कुलातील, अवघे काही केल्विन क्रांतिक तपमान असलेल्या एका क्यूप्रेटावर केलेल्या मोजणीत मात्र ही सरळ रेषा सुमारे १० केल्विनपासून ७०० केल्विनपर्यंत अखंड आढळली. इतक्या खाली स्पंदनांचे स्पष्टीकरण टिकत नाही. लँडाऊ यांच्या सिद्धांतानुसार अपेक्षित असलेला तपमानाचा वर्गही येथे नाही. दुसऱ्या टोकाला, वरच्या तपमानांना, इलेक्ट्रॉनाचा दोन टकरींमधला पथ अणूंतील अंतराएवढा आखूड झाला म्हणजे रोधाची वाढ मंदावावी अशी अपेक्षा असते. येथे तसेही होत नाही.

या वर्तनामागे एक उल्लेखनीय प्रमाण दडलेले दिसते. रोधावरून दोन टकरींमधला काळ काढला असता तो प्लांकचा स्थिरांक आणि उष्णतेची ऊर्जा यांच्या गुणोत्तराएवढा निघतो. खोलीच्या तपमानाला हा काळ सेकंदाचा सुमारे ४० लक्ष कोटीवा भाग होय. त्यात त्या पदार्थाचे म्हणून काही वैशिष्ट्य उरत नाही, केवळ पुंजयामिकीचा स्थिरांक आणि तपमान उरते. जणू कोणत्याही इलेक्ट्रॉनाला याहून शीघ्र आपली ऊर्जा वाटून टाकणे निसर्गाने निषिद्ध केले आहे. १९८९ मध्ये चंद्र वर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेचे वर्णन करण्यासाठी असे प्रतिपादन केले की, येथे लँडाऊ यांचे जवळजवळ स्वतंत्र कण अगदी सीमेवर, असण्या-नसण्याच्या कडेवर उभे असतात. ते वर्णन अनेक मोजण्यांशी जुळले, पण त्यामागील सूक्ष्म कारणावर मतैक्य झाले नाही. या अवस्थेस ‘विचित्र धातू’ हे नाव पडले. ज्या अवस्थेला एका श्वासात सामान्य म्हणावयाचे तिलाच दुसऱ्या श्वासात विचित्र म्हणावे लागते, यातच संज्ञेची विसंगती पुरेशी स्पष्ट होते.

४. आभासी अंतर आणि मुंबईचा सहभाग

पोकळ्या कमी असलेल्या नमुन्यांत याहून निराळे कोडे आढळते. १९८९ च्या सुमारास यिट्रियम-क्यूप्रेटातील अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुस्पंदनाच्या मोजणीत असे दिसले की, नमुना थंड होत असता क्रांतिक तपमानाच्या पुष्कळ वरपासूनच त्याचा चुंबकीय प्रतिसाद घटू लागतो. विशिष्ट उष्णतेच्या मोजणीनेही तीच दिशा दाखविली. उपलब्ध ऊर्जापातळ्यांतील काही जणू आधीच नाहीशा होत होत्या, आणि तरीही रोध मात्र शून्य झालेला नव्हता. अंतर पडलेले आहे, परंतु ते पूर्ण नाही, म्हणून त्यास आभासी अंतर म्हणावयाचे. मूळ इंग्रजी संज्ञा मॉट यांनी १९६८ मध्ये अन्य संदर्भात योजिली होती, ती येथे उसनी घेण्यात आली.

हे अंतर फेर्मी पृष्ठावर नेमके कोठे पडते, हे पाहण्याचे साधन म्हणजे दिशानिष्ठ प्रकाश-इलेक्ट्रॉन उत्सर्जन. स्फटिकावर प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा व दिशा मोजली की, आत असताना त्यांची ऊर्जा व संवेग काय होते याचा हिशेब लागतो. १९९६ मध्ये या पद्धतीने बिस्मथ-क्यूप्रेटाचा अभ्यास करून डिंग, काँपुझानो, नॉर्मन प्रभृतींनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या लेखकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मोहित रांदेरिया यांचा समावेश होता. स्टॅनफर्ड येथील गटानेही त्याच वर्षी तसाच निष्कर्ष काढला. निष्कर्ष असा की, कमी पोकळ्यांच्या नमुन्यांत ऊर्जा-अंतर क्रांतिक तपमानाला मिटत नाही, ते त्याच्या बऱ्याच वरपर्यंत टिकते. आणि त्याचे दिशांनुरूप रूप अतिसंवाहक अवस्थेतील अंतरासारखेच असते: ताम्र-ऑक्सिजन बंधाच्या दिशेने सर्वांत मोठे, कर्णाच्या दिशेने शून्य.

१९९८ मध्ये याच गटाने, रांदेरिया यांच्यासह, आणखी एक आश्चर्य नोंदले. नमुना तापवीत गेल्यास हे अंतर सर्व दिशांना एकदम मिटत नाही. कर्णाच्या दिशेला ते आधी मिटते, आणि तेथे फेर्मी पृष्ठाचा एक लहानसा चाप प्रकट होतो. तपमान वाढेल तसा चाप लांबतो, आणि आभासी अंतराचे तपमान ओलांडल्यावरच पृष्ठ पूर्ण होते. कोणत्याही परिचित धातूत फेर्मी पृष्ठ असे तुटक असू शकत नाही, कारण ते भरलेल्या व रिकाम्या पातळ्यांमधील कुंपण आहे. कुंपण मध्येच संपले तर आत काय आणि बाहेर काय, हे सांगता येणार नाही. लँडाऊ यांच्या सिद्धांताचा पायाच येथे डळमळतो.

५. पूर्वसूचना की प्रतिस्पर्धी?

आभासी अंतराचा अर्थ काय, या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात. पहिल्या मतानुसार ते अतिसंवाहकतेची पूर्वसूचना आहे. कोकणात गौरीगणपतीच्या दिवसांत फुगड्यांचा खेळ रंगतो. तेव्हा जोड्या जमलेल्या असतात, पण प्रत्येक जोडीची गती तिची तिची असते. बाल्या नाचात मात्र सारे रिंगण एकाच ठेक्यावर पाऊल टाकते. क्यूप्रेटात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या वरच्या तपमानालाच बांधल्या जातात, परंतु त्यांचा ठेका जमत नाही. तो जमतो तेव्हाच रोध नाहीसा होतो. पोकळ्या थोड्या म्हणजे वाहणाऱ्या जोड्याही थोड्या, आणि जोड्या थोड्या असल्या की ठेका सहज मोडतो, हा युक्तिवाद १९९५ मध्ये एमरी व किव्हल्सन यांनी केला. परमेकांती, रांदेरिया व नंदिनी त्रिवेदी यांनी मुंबईत केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेतही हेच चित्र निघाले. मॉट निरोधकाकडे जावे तसे जोडी बांधणारे बल वाढत जाते, आणि एकतालाने वाहण्याची क्षमता मात्र शून्याकडे उतरते.

दुसऱ्या मतानुसार आभासी अंतर हे अतिसंवाहकतेच्या प्रतिस्पर्ध्याचे लक्षण आहे. कमी पोकळ्यांच्या थरांत विद्युत् भारांची वा परिवलनांची पट्ट्यापट्ट्यांची रचना उत्पन्न होऊ पाहते, आणि तीच ऊर्जापातळ्या गिळून टाकते. १९९५ पासून लँथॅनम कुलात व २०१२ पासून यिट्रियम कुलात अशा रचनांचे पुरावे मिळाले आहेत. २००७ मध्ये प्रबळ चुंबकीय क्षेत्रात अतिसंवाहकता दडपून केलेल्या मोजणीत फेर्मी पृष्ठाचे लहान लहान तुकडे आढळले, तर पोकळ्या अधिक असलेल्या थॅलियम-क्यूप्रेटात, साध्या धातूला शोभेल असे, मोठे अखंड पृष्ठ मिळाले. म्हणजे मधल्या प्रदेशात कोठेतरी पृष्ठाची पुनर्रचना होते.

अशा वादात तुलनेची पद्धत उपकारक ठरते. ज्या पदार्थात प्रतिस्पर्धी नाही, त्यात आभासी अंतर आढळते काय? टाटा संस्थेतच प्रताप रायचौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायोबियम नायट्राइडाच्या पातळ पापुद्र्यांवर हा विचार कसोटीस लावला. हा जुन्या, बार्डीन-कूपर-श्रीफर परंपरेतील अतिसंवाहक असून निर्दोष पापुद्र्याचे क्रांतिक तपमान सुमारे १६ केल्विन असते. रचनेत हेतुपुरस्सर अव्यवस्था वाढवीत गेल्यास ते उतरत जाते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, अव्यवस्था तीव्र झाली म्हणजे रोध प्रकट झाल्यानंतरही ऊर्जा-अंतराची खूण शिल्लक राहते. प्रतिस्पर्धी रचनेचा संशय नसलेल्या पदार्थात, केवळ ठेका मोडल्याने आभासी अंतर उत्पन्न होऊ शकते, हे यावरून सिद्ध होते. मात्र क्यूप्रेटात ते याच कारणाने होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. एका कुलातील नियम दुसऱ्या कुलाला लावताना जी सावधगिरी तुलनात्मक भाषाशास्त्रात बाळगावी लागते, तीच येथेही आवश्यक आहे. साम्य हे समान उगमाचे प्रमाण नव्हे. दोन्ही कारणे एकाच पदार्थात निरनिराळ्या तपमानांना कार्य करीत असणे शक्य आहे, आणि उपलब्ध पुराव्याचा कल त्याच दिशेला आहे.

६. समारोप

हा वाद केवळ तात्त्विक नाही. आभासी अंतर ही पूर्वसूचना असेल, तर जोड्या वरच्या तपमानाला आधीच तयार आहेत आणि त्यांचा ठेका टिकविणे एवढेच साधावयाचे आहे. क्रांतिक तपमान वाढविण्याचा मार्ग थरांची रचना व पोकळ्यांची वाटणी सुधारण्यातून जाईल. ते प्रतिस्पर्ध्याचे लक्षण असेल, तर आधी त्या प्रतिस्पर्ध्याला नमविले पाहिजे. म्हणजे गावोगावच्या तारांत वाया जाणारी वीज वाचविण्याचे जुने स्वप्न कोणत्या वाटेने जवळ येईल, हे अतिसंवाहक अवस्थेपेक्षा तिच्या वरच्या अवस्थेच्या आकलनावर अवलंबून आहे. बार्डीन प्रभृतींना जी भूमी तयार मिळाली होती, ती येथे अजून शोधावयाची आहे.

यावरून परिभाषेविषयीही एक निष्कर्ष निघतो. मूळ लॅटिन ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासण्याचे साधन. धातूंच्या बाबतीत लँडाऊ यांचा सिद्धांत हा असा गुण्या ठरला होता. क्यूप्रेटांच्या कडा त्यावर जुळत नाहीत. अशा पदार्थांसाठी मराठीत ‘सामान्य’ ऐवजी ‘प्राकृत अवस्था’ ही संज्ञा अधिक निर्दोष ठरेल. अतिसंवाहकतेचा संस्कार होण्यापूर्वीची अवस्था, एवढेच ती सांगते. ती अवस्था इतरांसारखी आहे असा दावा ती करीत नाही. ‘प्राकृत’ म्हटले की तिचे व्याकरण अद्याप लिहावयाचे आहे याचेही स्मरण राहते, आणि क्यूप्रेटांच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी तशीच आहे.